मूर्तीला ‘रोग’ होतो तेव्हा: कांस्य, मीठ आणि दोनशे वर्षांची वीज

आजच्या भागात एका रोगाचा इतिहास. रोग माणसाचा नाही, जनावराचाही नाही, धातूचा. संग्रहालयातली माणसं त्याला सरळ ‘ब्राँझ डिसीज’ म्हणतात, म्हणजे कांस्याचा रोग. आणि हा रोग विचित्र आहे, कारण तो बहुतेक वेळा मूर्ती जमिनीत असताना होत नाही. मूर्ती हजार वर्षं मातीत पडून राहते, कोणाच्या तरी फावड्याला लागते, बाहेर येते, पुसली जाते, काचेच्या कपाटात मानाने बसते. आणि मग एखाद्या पावसाळ्यात तिच्या खांद्यावर फिकट हिरवे ठिपके दिसायला लागतात. बोट लावलं तर पिठासारखी भुकटी हाताला येते. ब्रशने झटकली की खाली खड्डा. महिन्याभराने त्याच जागी पुन्हा भुकटी, आणि खड्डा अजून थोडा खोल.

हजार वर्षं जे टिकलं ते पाच-दहा वर्षांत का झिजतं, या प्रश्नाच्या मागे लागलेल्या लोकांची ही गोष्ट आहे. त्यांनी आधी विजेने हा रोग समजून घेतला, मग विजेनेच त्याच्यावर उपचार केले, आणि त्या उपचारात काय काय गमावलं जातंय हे कळायला पुन्हा बराच काळ गेला.

सुरुवात स्वयंपाकघरातून करू. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं तर ते कळकतं, हे आपल्या आज्यांना कुठल्याही केमिस्ट्रीच्या पुस्तकाशिवाय माहीत होतं. ताकातलं आम्ल आणि हवेतला ऑक्सिजन मिळून तांबं विरघळवतात, आणि ते विरघळलेलं तांबं म्हणजेच तो कळकट हिरवा रंग आणि ती घाणेरडी चव. कल्हई म्हणजे कथिलाची पातळ भिंत, आंबट आणि तांबं यांच्या मध्ये उभी केलेली. आता गंमत बघा, कांस्य म्हणजे तांबं आणि कथील यांचंच मिश्रण. भिंत आणि घर एकत्र वितळवून ओतलं तर मूर्ती होते.

पण विरघळणं म्हणजे नक्की काय? इथे बॅटरी आठवा. मोबाइलच्या बॅटरीत दोन टोकं असतात, एक इलेक्ट्रॉन देतं, दुसरं घेतं, आणि मध्ये एक द्रव असतो ज्यातून आयन फिरतात. ओल्या, खारट मातीत पुरलेली मूर्ती ही अशीच एक बॅटरी असते, फक्त तिची दोन्ही टोकं एकाच धातूच्या तुकड्यावर असतात. एका जागी तांब्याचे अणू इलेक्ट्रॉन सोडून आयन होतात, म्हणजे धातू झिजतो. दुसऱ्या जागी ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन घेतो. वायर म्हणून मूर्ती स्वतःच काम करते आणि द्रव म्हणून मातीतलं पाणी. शॉर्ट सर्किट झालेली बॅटरी, शेकडो वर्षं हळूहळू उतरत जाणारी. बीटेकच्या पहिल्या वर्षी हे प्रकरण आम्ही सगळ्यांनी घोकून पास केलं होतं. त्यात मूर्तीचा उल्लेख असता तर जास्त लक्षात राहिलं असतं, असं माझं मत.

आता यातला खलनायक: मीठ. मातीतल्या मिठात क्लोराइड असतं, ऋण भाराचं. धातूच्या पृष्ठभागावर जिथे तांब्याचे धन भाराचे आयन तयार होत असतात तिथे भार समतोल ठेवायला हे क्लोराइड आत आत ओढलं जातं. म्हणून जुन्या कांस्याचा छेद घेतला तर बऱ्याचदा थर असे दिसतात: सगळ्यात वर हिरवा मॅलाकाइट, त्याखाली लालसर क्युप्राइट, आणि अगदी धातूला चिकटून मेणासारखा फिकट राखाडी थर. तो असतो क्युप्रस क्लोराइड, खनिजशास्त्रातलं नाव नँटोकाइट. वरच्या थरांखाली तो झोपलेला असतो. मूर्ती बाहेर निघाली, थरांना तडे गेले, आत हवा आणि दमटपणा शिरला, की तो जागा होतो. त्याचं रूपांतर फिकट हिरव्या भुकटीत होतं, ती जास्त जागा मागते म्हणून वरचा थर फोडते, आणि सोबत थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं. ते आम्ल ताजं तांबं खातं, त्यातून पुन्हा क्युप्रस क्लोराइड. पुन्हा हवा, पुन्हा भुकटी, पुन्हा आम्ल. आमच्या भाषेत सांगायचं तर इन्फिनिट लूप, ज्यातून बाहेर पडायची अटच कोणी लिहिलेली नाही. क्लोराइड या लूपमध्ये खर्च होत नाही, ते फिरत राहतं. लूप थांबतं ते हवेतली आर्द्रता साधारण चाळीस टक्क्यांच्या खाली ठेवली तर. मुंबईच्या जुलै महिन्यात चाळीस टक्के! हसू नका, संग्रहालयातल्या लोकांना खरंच ते जमवावं लागतं.

जाता जाता एक विनंती. घरातल्या पूजेच्या तांब्या-पितळेला चिंच-मीठ लावून घासायला हरकत नाही, ती भांडी रोज धुतली-पुसली जातात. पण गावच्या जुन्या देवळातली किंवा जमिनीतून निघालेली मूर्ती असेल तर तिला चिंच-मीठ लावू नका. आत्ता वाचलंत ना, मीठ काय करतं ते.

बरं, इतिहासाकडे येऊ. १८२४ मध्ये ब्रिटिश आरमाराची एक डोकेदुखी होती. लाकडी जहाजांच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकलेला असायचा, आणि समुद्राचं पाणी तो खाऊन टाकायचं. हंफ्री डेव्ही हा त्या काळचा नावाजलेला रसायनशास्त्रज्ञ. त्याने डोकं लढवलं: तांब्याला लोखंडाचा किंवा जस्ताचा छोटा तुकडा जोडा, मग इलेक्ट्रॉन द्यायचं काम तो तुकडा करेल, तांबं वाचेल. प्रयोग झाला तो ‘समरंग’ नावाच्या युद्धनौकेवर. ही नौका आपल्याकडे कोचीनला बांधलेली होती. डेव्हीचं म्हणणं तंतोतंत खरं ठरलं, तांबं वाचलं. पण त्यामुळे पंचाईत झाली. तांबं विरघळत होतं तोवर त्याच्या विषाने समुद्री जीव तळाला चिकटत नव्हते. तांबं विरघळायचं थांबलं आणि शेवाळ, शिंपले यांनी जहाजाला मिठी मारली. जहाजाचा वेग मंदावला आणि आरमाराने ती योजना गुंडाळली. शास्त्र बरोबर आणि प्रॉडक्ट फेल, हे आमच्या क्षेत्रात दर तिमाहीला होतं, त्यामुळे मला डेव्हीबद्दल फार आपुलकी आहे.

याच हंफ्रीचा धाकटा भाऊ जॉन डेव्ही लष्करात डॉक्टर होता, भूमध्य समुद्राकडे नेमणूक. कॉर्फू बेटाजवळ उथळ समुद्रात एक प्राचीन ग्रीक शिरस्त्राण सापडलं होतं. जॉनने त्यावरच्या थरांचं परीक्षण केलं आणि १८२६ मध्ये आपल्या भावाला लिहिलेल्या पत्राच्या रूपात ते रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. त्याला तांब्याचे ऑक्साइड, कार्बोनेट, क्लोराइडची संयुगं सापडली. ‘गंज’ या एका शब्दाखाली इतकं काय काय लपलेलं असतं, हे कोणी तरी पहिल्यांदाच थर सोलून बघत होतं. दोन भाऊ, दोन वर्षांचं अंतर, एक जहाजाचं तांबं वाचवतोय आणि दुसरा दोन हजार वर्षांपूर्वीचं तांबं कसं गेलं ते वाचतोय.

पुढची पायरी फ्रान्समध्ये. मार्सेलँ बर्थेलो हा रसायनशास्त्रज्ञ (मध्येच काही महिने देशाचा परराष्ट्रमंत्रीही होता, त्या काळी माणसं असं काहीही करायची) १८९० च्या दशकात प्राचीन धातूच्या वस्तूंचा अभ्यास करत होता. क्लोराइड खर्च न होता पुन्हा पुन्हा हल्ला करतं, हे चक्र त्याने मांडलं. म्हणजे मघाशी मी सांगितलेला इन्फिनिट लूप. तोवर काही अभ्यासकांना हा खरोखरचा संसर्गजन्य रोग वाटत होता, जंतूंमुळे होणारा. त्यांना फार हसू नका. भुकटी एका वस्तूवर दिसली की कपाटातल्या दुसरीवरही दिसायची. खरं कारण म्हणजे दोन्ही एकाच दमट कपाटात होत्या.

बर्लिनच्या राजेशाही संग्रहालयांनी १८८८ मध्ये फ्रीडरिश राथगेन या रसायनशास्त्रज्ञाला नेमलं. संग्रहालयाची स्वतःची प्रयोगशाळा आणि त्यात पगारी केमिस्ट, ही कल्पनाच तेव्हा नवीन होती. त्याने १८९८ मध्ये या सगळ्या उपचारांवर पुस्तक काढलं. त्याचा इंग्रजी अनुवाद १९०५ मध्ये ज्या दोन ऑडन बंधूंनी केला त्यातले जॉर्ज ऑडन हे पुढे प्रसिद्ध झालेल्या डब्ल्यू. एच. ऑडन या कवीचे वडील. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला मात्र अद्दल घडावी लागली. पहिल्या महायुद्धात बाँबच्या भीतीने त्यांनी वस्तू जमिनीखालच्या बोगद्यात हलवल्या, तिथल्या दमट हवेने वस्तूंचं नुकसान केलं, आणि मग युद्धानंतर त्यांनी प्रयोगशाळा सुरू केली. बाँब पडला नाही, ओल पडली.

आता विजेची आंघोळ. कल्पना डेव्हीचीच, उलट्या बाजूने. गंजताना मूर्ती इलेक्ट्रॉन गमावते ना? मग बाहेरून वीज जोडून तिला इलेक्ट्रॉन परत द्या. मूर्तीला ऋण टोक करा, तिच्याभोवती लोखंडाची जाळी किंवा पत्रे धन टोक म्हणून लावा, आणि सगळं कॉस्टिक सोड्याच्या पातळ द्रावणात बुडवा. हळूहळू क्लोराइड मूर्ती सोडून द्रावणात येतं, आणि हिरव्या-लाल संयुगांचं पुन्हा तांबं होतं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमसाठी कॉलिन फिंक आणि चार्ल्स एल्ड्रिज यांनी ही पद्धत नीट बसवली आणि १९२५ मध्ये पुस्तिका काढली. त्यातले आधीचे आणि नंतरचे फोटो बघताना आजही तोंडात बोट जातं. आधी ओबडधोबड हिरवा दगड, नंतर चेहरा, दागिने, कोरीव अक्षरं.

आणि हे फार लवकर भारतात पोचलं. मद्रासच्या सरकारी संग्रहालयात, म्हणजे आजच्या चेन्नईत एग्मोरला, १९३० मध्ये रासायनिक प्रयोगशाळा सुरू झाली आणि एस. परमशिवन यांनी ती उभी केली. तिथे गरजही तशीच होती. तमिळ मुलखात आक्रमणांच्या काळात देवळातल्या मूर्ती जमिनीत पुरून ठेवल्या गेल्या होत्या. पुरणारे गेले, जागा विसरल्या गेल्या, आणि शेतात नांगर चालवताना किंवा पाया खणताना त्या सापडत राहिल्या. १८७८ च्या निखात निधी कायद्यामुळे त्यातल्या बऱ्याच सरकारजमा होऊन संग्रहालयात यायच्या. मातीच्या आणि गंजाच्या कवचात गुंडाळलेला चोळ काळातला देव समोर आहे, कोणता देव तेही कधी कधी ओळखू येत नाही, आणि हाताशी विजेची आंघोळ आहे. परमशिवन यांनी ती वापरली आणि कवचाखालच्या मूर्ती लोकांना दिसू लागल्या. हेच परमशिवन पुढे भित्तिचित्रांकडे वळले आणि आपल्या अजिंठ्याच्या चित्रांचं तंत्र, म्हणजे गिलावा कशाचा, रंग कशाचे, याचाही त्यांनी अभ्यास केला. अजिंठ्याबद्दल आपण इतकं बोलतो, पण हे नाव मी तरी शाळेत कधी ऐकलं नव्हतं.

इथे माझा एक तर्क. दक्षिणेतल्या या मूर्ती मेणाच्या साच्यातून भरीव ओतलेल्या असतात. ग्रीकांचे मोठे पुतळे पोकळ, पातळ भिंतीचे. भरीव मूर्तीत गंजाच्या खाली भरपूर निरोगी धातू शिल्लक असतो, म्हणून विजेची आंघोळ तिला सोसते. म्हणजे जिथे ही पद्धत सगळ्यात जास्त चमकली तिथे वस्तूच तिच्या सोयीच्या होत्या. पातळ वस्तूचं तसं नाही. जिथे धातू पार संपलाय आणि वस्तूचा आकार फक्त गंजाने धरून ठेवलाय तिथे काय होणार?

याचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे अँटिकिथेरा यंत्र. १९०१ मध्ये ग्रीसच्या अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेल्या जहाजातून स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांनी पुतळे, भांडी आणि एक हिरवा गोळा वर आणला. त्या गोळ्यात दातेरी चाकं निघाली, सूर्य-चंद्राच्या गती दाखवणारं, ग्रहणांचा अंदाज देणारं दोन हजार वर्षांपूर्वीचं यंत्र. त्याचं कांस्य जवळजवळ सगळं गंज होऊन गेलंय. चाकांचे दात गंजात आहेत, अक्षरं गंजात आहेत. आज ८२ तुकडे आहेत आणि २००५ मध्ये आठेक टनांचं क्ष-किरण यंत्र अथेन्सला नेऊन त्यांच्या आतली चाकं आणि अक्षरं वाचली गेली. समजा हे तुकडे कोणी उत्साहाने पूर्ण विजेच्या आंघोळीत टाकले असते तर? तळाला तांब्याचा भुसा राहिला असता, आणि त्याखेरीज काही नाही.

ही गोष्ट माझ्यासारखीला पटकन कळते, कारण सर्व्हर बंद पडला की आम्ही आधी लॉग वाचतो. लॉग फाइल दिसायला कचरा असते, हजारो ओळी, डिस्क भरते, नवीन मुलगा आला की त्याला ती उडवायची घाई असते. पण काय घडलं ते फक्त तिथेच असतं. गंज ही त्या वस्तूची लॉग फाइल आहे. मूर्ती कशा मातीत होती, मीठ किती होतं, तिच्यावर वस्त्र गुंडाळलेलं होतं का (कापडाची वीण गंजात जशीच्या तशी उमटून राहते), मूळ पृष्ठभाग नक्की कुठे होता, हे सगळं त्या थरांत असतं. विजेची आंघोळ म्हणजे फॅक्टरी रिसेट. फोन चकाचक होतो, फोटो जातात.

परमशिवन किंवा फिंक यांना दोष द्यायचा नाहीये. रोग चालू असलेली मूर्ती तशीच ठेवली असती तर लॉगही गेला असता आणि मूर्तीही. त्यांच्या हाताशी दुसरं काय होतं? दुसरं आलं ते १९६७ मध्ये, डेन्मार्कच्या मॅडसन यांनी बेंझोट्रायझोल या रसायनाचा उपाय सुचवला तेव्हा. हे तांब्याशी बांधलं जाऊन पातळ संरक्षक पडदा बनवतं आणि पटिना जागेवर राहतो. रसायन विषारी आहे, सांभाळून वापरावं लागतं, क्लोराइड फार असेल तर पुरतही नाही. पण गंज सोलून काढायची सक्ती संपली.

मग विजेचं काय झालं? ती गेली नाही, तिचं काम बदललं. आधी ती साफ करायची, आता ती प्रश्न विचारते. आणि यातली मला सगळ्यात आवडणारी पद्धत ऐका. पेन्सिलीत असतं तसं ग्राफाइटचं टोक घ्यायचं, मूर्तीच्या गंजावर अगदी हलकं घासायचं. त्याला जे कण चिकटतात त्यांचं वजन नॅनोग्रॅममध्ये, डोळ्यांना ओरखडाही दिसत नाही. ते टोक द्रावणात बुडवायचं आणि व्होल्टेज हळूहळू बदलत न्यायचं. प्रत्येक संयुग आपापल्या ठरलेल्या व्होल्टेजला इलेक्ट्रॉन घेतं आणि तेव्हा करंटच्या आलेखात एक उंचवटा येतो. शाळेत हजेरी घेतात तसं. क्युप्राइट? हजर. टेनोराइट? हजर. क्लोराइडवाले? मागच्या बाकावर, पण हजर. जर्मनीचे फ्रिट्झ शोल्झ यांनी सूक्ष्मकणांची ही व्होल्टॅमेट्री रुळवली आणि स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाचे आंतोनिओ दोमेनेक-कार्बो यांनी ती पुराणवस्तूंकडे वळवली.

दोमेनेक-कार्बो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये आणखी पुढचं पाऊल टाकलं: याच आलेखावरून वय काढायचं. तांब्यावर आधी लाल क्युप्राइट बनतं, आणि त्याच्यावर फार सावकाश काळं टेनोराइट. दोघांच्या उंचवट्यांचं गुणोत्तर काळाबरोबर सरकतं. ज्यांचं साल माहीत आहे अशी नाणी घेऊन मोजपट्टी तयार करायची आणि अनोळखी वस्तू तिच्यावर ठेवून बघायची. कार्बन डेटिंग धातूवर चालत नाही, हे लक्षात घेतलं तर ही केवढी मोठी आशा आहे ते कळेल. पण अट कडक आहे: वस्तू सौम्य वातावरणात राहिलेली हवी. क्लोराइडने एकदा धुडगूस घातला की घड्याळाचे काटेच वाकतात. वस्तू मातीत किती काळ होती आणि कपाटात किती, मध्ये कोणी घासली का, यावर गुणोत्तर बदलतं. त्यामुळे ‘गंजावरून अचूक वय सांगतो’ असं कोणी म्हणालं तर त्याला आधी मोजपट्टी कुठली ते विचारा.

मूर्तीचा ‘बीपी’ मोजणारीही पद्धत आहे. पृष्ठभागावर द्रावणाचा किंवा जेलचा छोटा ठिपका, त्यात अगदी क्षीण उलटसुलट वीज, काही मिलिव्होल्टची, वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीला. थर किती विरोध करतो त्यावरून तो धातूला झाकतोय की नुसता वरून सुंदर दिसतोय ते कळतं. बेल्जियमच्या गेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी तर क्लोराइड काढायच्या द्रावणात वस्तू ठेवलेली असतानाच तिचं व्होल्टेज सतत मोजत राहून उपचार कसा चाललाय ते बघितलं. रुग्ण टेबलावर आणि मॉनिटर चालू, तसं.

हे सगळं वाचताना माझ्या डोक्यात एकच जागा घोळत होती: दायमाबाद. अहिल्यानगर जिल्हा, श्रीरामपूर तालुका, प्रवरेचा काठ. १९७४ मध्ये छबू लक्ष्मण भिल्ल यांना तिथे झुडपाची मुळं खणताना चार वस्तू सापडल्या: बैलजोडीचा रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा, रेडा. भरीव, सगळ्यांचं मिळून वजन साठ किलोहून जास्त. तो रथाचा फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल. पुढे साळी यांच्यासारख्या उत्खनन करणाऱ्या पुराविदांनी त्या उत्तर हडप्पा काळातल्या, म्हणजे जवळपास चार हजार वर्षं जुन्या मानल्या. पण वस्तू शास्त्रीय उत्खननाच्या खड्ड्यातून, नोंदलेल्या थरातून निघाल्या नव्हत्या. डी. पी. अग्रवाल यांनी धातूचं पृथक्करण बघून शंका काढली: यात आर्सेनिक एक टक्क्याहून जास्त आहे, आणि आपल्याकडच्या ताम्रपाषाणयुगातल्या बाकीच्या वस्तूंत तसं आढळत नाही. मग या नंतरच्या तर नाहीत? वाद मिटलेला नाही.

व्हॅलेन्सियाची पेन्सिल आणून हा वाद उद्या मिटवता येईल, असं मी म्हणणार नाही. त्यासाठी प्रवरेकाठच्या काळ्या मातीत, तशाच मिठात आणि ओलीत राहिलेल्या, वय माहीत असलेल्या तांब्याच्या वस्तूंची मोजपट्टी लागेल. पण अशा वस्तू आपल्याकडे आहेत. दायमाबादच्याच नाही तर प्रवरा-गोदावरीच्या खोऱ्यातल्या इतर उत्खननांत, नोंदलेल्या थरातून निघालेल्या तांब्याच्या कुऱ्हाडी, बांगड्या, मणी. त्यांच्यावरचा गंज अजून घासून टाकलेला नसेल, तर ही मोजपट्टी सुरू करता येईल.

आज एवढंच. हेडफोन काढा, आणि कोणाच्या घरी जुनी मूर्ती असेल तर त्यांना चिंच-मिठाचं तेवढं सांगा. भेटू पुढच्या भागात.